वाळवण संपेपर्यंत दिवा बंद

आमच्या इमारतीच्या डोक्यावर मुकुट आहे. हा माझा टोमणा नव्हे, बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत तसंच छापलं होतं. गच्चीच्या कठड्याच्याही वर लोखंडी कमानींचं एक कडं, त्याला पांढऱ्या दिव्यांच्या पट्ट्या आणि चार कोपऱ्यांतून सरळ आभाळात सोडलेले चार झोत. पाम बीच रस्त्यावरून येताना लांबूनच दिसतो. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना सगळे 'मुकुटवाली बिल्डिंग' म्हणतात. मीही म्हणायचे.

इमारतीच्या एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला खाडी. मधे तिवरं आणि तिवरांच्या अलीकडे एक पाणथळ जागा. त्या जागेवर भराव पडू नये म्हणून कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं वाटते आहे. माझं सगळं लिहिणं तिथेच घडलं. पत्रकाचे नियम सोपे असतात. एक पान, एक मागणी, आणि वाचणाऱ्याने कागद चुरगाळायच्या आत त्याला राग आला पाहिजे. 'कदाचित' नको, 'आमच्या मते' तर अजिबात नको. शाळेत निबंधाला मला कधी धड गुण मिळाले नाहीत. पत्रकावरून मात्र एकदा चौकीत बसवून चहा पाजला होता.

गेल्या वर्षी होळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळी पाणी येईना म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह बघायला गच्चीवर गेले, तर टाकीच्या पायाशी एक पक्षी पडलेला. मातकट रंगाचा, बोटाएवढा, चोच किंचित उघडी. उचलला तर खोडरबर उचलल्यासारखं वाटलं. खाडीवरचे बगळे, पाणकावळे, रोहित मी ओळखते, हा ओळखता येईना. दिघ्याला माझा एक दोस्त राहतो. तो कारखान्यात मशिनींचे आवाज मोजतो आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे. त्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "वटवट्या. हिवाळाभर तुमच्या खालच्या झाडीत असणार. आता परत निघाला होता. हे रात्री निघतात. वर काय आहे तुमच्या?"

वर मुकुट होता.

तोवर मला वाटायचं, पक्षी म्हणजे दिवसाचं प्रकरण. रोहित आले की पेपरात फोटो येतात, पुलावर गाड्या थांबतात. पण ही छोटी, गाणारी मंडळी, म्हणजे वटवटे, धोबी, शंकर, तीरचिमण्या, उन्हाळा लागला की अंधार पडल्यावर उठतात आणि उत्तरेकडे जातात, कुणी हिमालयात, कुणी त्याच्याही पलीकडे. दिवसा खायचं, रात्री उडायचं. अंधारात चुकामूक होऊ नये म्हणून अधूनमधून एक बारीक हाक मारायची, अर्ध्या अक्षराची. वाटेत असला झोत आला आणि त्यात खाडीवर धुरकं असलं की त्यांना दिशाच सुचत नाही. उजेडाभोवती घिरट्या घालत राहतात, दमतात, काचेला आपटतात. ह्यांचा फोटो येत नाही, कारण त्या वेळी बघायला कोणी नसतं. सकाळी गच्ची झाडली जाते आणि विषय संपतो.

मला भयंकर संताप आला. संताप आला की मी पत्रक लिहिते. मागणी एकच ठेवली: आत्तापासून पाऊस येईपर्यंत मुकुट रात्री बंद ठेवा. शीर्षक मोठ्या टायपात: 'परदेशी पाहुणे निघाले आहेत. त्यांच्या वाटेतला दिवा विझवा!' प्रत्येक फ्लॅटच्या दारातून आत सरकवलं आणि सोसायटीच्या सभेत विषय म्हणून दिलं.

आमचे चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले, दादरहून इथे राहायला आलेले. मी शाळेच्या गणवेशात होते तेव्हापासून मला ओळखतात, म्हणून मी त्यांना काका म्हणते. त्यांनी चष्मा पुसला, पत्रक वाचलं, खाली ठेवलं.

"भाषा छान आहे तुझी," ते म्हणाले. "पण मला एक सांग. आपल्याकडचे पाहुणे रात्री निघाले तर आपण काय करतो?"

"काय करतो?"

"जिन्यातला दिवा लावतो! लिफ्ट येईपर्यंत दार उघडं ठेवून उभे राहतो, बाहेर उजेड पडावा म्हणून. आणि तू म्हणतेस, पाहुणे चाललेत, दिवा घालवा. हा कुठला पाहुणचार?"

हॉल हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "डबा पण द्या बांधून!" दुसरा म्हणाला, "आहेर करा, आहेर!" आणि मग हसू आवरेच ना कोणाला.

त्यांचं चुकलं काहीच नव्हतं. 'पाहुणे' हा शब्द मी पेपरातून उचलला होता. दर थंडीत छापून येतो, छान वाटतो, कोणाला टोचत नाही. पण पाहुण्याने घरातले दिवे लावू-विझवू नयेत, हेही त्या शब्दातच आलं. अर्धं वर्ष इथे खाणारा, आमचा पाया खणायच्या आधीपासून येणारा पक्षी पाहुणा कसा? पाहुणी तर बिल्डिंग. हे सगळं मला सुचलं, पण सभा संपून लिफ्टमधून वर जाताना.

"हा मुकुट सोसायटीची ओळख आहे," काकांनी समारोप केला. "फ्लॅटची व्हॅल्यू आहे त्यात. तुला वाटतं म्हणून बंद नाही करता येत. पुरावा आण, मग बघू."

"आणते," मी म्हटलं.

दिघ्याच्या दोस्ताने मला बादली करून दिली. साधी प्लॅस्टिकची बादली, तळाशी मायक्रोफोन, भोवती गादीचा फोम, तोंडावर ताणून बसवलेलं पातळ प्लॅस्टिक. बादली का, तर बाजूचा रस्ता, जनरेटर, कुत्री जमतील तेवढी अडवायची आणि फक्त वरचं ऐकायचं. संध्याकाळी मी ती टाकीजवळ ठेवायची, सकाळी घरी आणायची. कोणी धुणं भिजवू नये म्हणून वर चिठ्ठी लावली: 'ही बादली रिकामी नाही.'

रात्रभराचं रेकॉर्डिंग बसून ऐकलं तर दिवस जातो. म्हणून लॅपटॉपवर आवाजाचं चित्र काढतात. वेळ डावीकडून उजवीकडे सरकतो, जाड आवाज खाली, बारीक आवाज वर. विमान म्हणजे मोठा फराटा. टिटवी म्हणजे चिडून मारलेले ओरखडे. आणि सगळ्याच्या वर कधीतरी केसासारखी एक रेघ, डोळा लवला तर निसटणारी. ती हाक. तिथे थांबायचं, हेडफोन लावायचा, पुन्हा पुन्हा ऐकायचं. हा धोबी, ही तीरचिमणी, असं दोस्ताने शिकवलं. एकदा मी फारच खात्रीने एका रेघेला नाव देऊन पाठवलं, तर त्याचा फोन आला. "माहीत नसेल तर 'अनोळखी' लिही. हे पत्रक नाही."

मला ते लागलं. पण 'अनोळखी' लिहायला शिकले.

चांगल्या स्वच्छ रात्री रेघा विरळ असायच्या, एक इथे, एक तिथे, आली आणि गेली. धुरक्याच्या रात्री मात्र त्याच रेघा दाटून यायच्या, ठळक, जवळच्या, एकापाठोपाठ एक. उडून पुढे गेलेला पक्षी अशी हाक मारत नाही. ही मुकुटाभोवती फिरणाऱ्यांची हाक होती. मी ती चित्रं छापून काकांच्या टेबलावर ठेवली.

"एकच पक्षी सारखा ओरडला नसेल कशावरून?" काका म्हणाले.

हेही बरोबर होतं. ह्या माणसाचा मला राग यायचा तो त्यामुळेच. ते मूर्ख असते तर मी कधीच जिंकले असते.

एप्रिल उजाडला. पक्षी काही सोसायटीच्या पुढच्या सभेसाठी थांबणार नव्हते. रोज संध्याकाळी मुकुट लागायचा. मी रेकॉर्डिंग बघत राहिले, आणि एका सकाळी आळसाने ते शेवटपर्यंत चालू राहू दिलं. एरवी उजाडताना कावळे सुरू झाले की मी बंद करायचे. त्या दिवशी कावळ्यांच्या मागोमाग माणसं आली.

आवाज ओळखीचे होते. एक अकराव्या मजल्यावरच्या काकू, मूळच्या साताऱ्याकडच्या. ह्या दिवसांत त्या भल्या पहाटे गव्हाचा चीक शिजवून गच्चीवर कुरडया घालायला येतात. दुसरी, जिला सगळे मावशी म्हणतात ती. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे तिथे तिच्या सासरची भातशेती होती. जमीन गेली, बदल्यात तिला इथे फ्लॅट मिळाला. सोसायटीत सगळे तिला वचकून असतात आणि पाठीमागे 'गाववाली' म्हणतात.

"बघ, बघ ही चादर!" काकू म्हणत होत्या. "परत सगळी चिलटं. काल सांजचं झाडून गेलते मी."

"त्या मुकुटाच्या मागं येतान गो ती. रातभर नाचतान, सकाली मरून पडतान."

"वल्या चिकाला चिकटत्यात न्हवं. परवा मागल्या कुरडया तळल्या, तर जावयाच्या ताटात चिलटाचा पंख."

"मंग? खाल्लान त्यानं?"

"खाल्ला की! म्हनला, आई, जिरं झ्याक लागतंय."

दोघी इतक्या हसल्या की चित्रात खालपासून वरपर्यंत काळा डाग उठला. मग मावशीचा आवाज एकदम जवळ आला, बादलीत वाकून बघत असावी. "आनि ही बालदी कसली?"

"ती पत्रकवाली पोरगी. पाखरं ऐकती म्हनं रातची."

"आपल्या आईचा आयकत नाय, पाखरांचा आयकते."

मी ते मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मी मुकुटाकडे इतके दिवस फक्त पक्ष्यांच्या बाजूने बघत होते. खाली, माझ्याच गच्चीवर, त्याच दिव्यावर आणखी दोघीजणी माझ्याइतक्याच चिडलेल्या होत्या आणि मी त्यांच्या दारातूनसुद्धा पत्रक सरकवून पुढे गेले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला गच्चीवर गेले. काकू पातेल्यातला गरम चीक सोऱ्यात भरत होत्या, मावशी प्लॅस्टिकच्या चादरीवरची चिलटं फडक्याने झटकत होती. मी सरळ सांगितलं की तुमचं बोलणं बादलीत आलंय.

काकूंचा हात थांबला. "चोरून ऐकतीस व्हय आमचं?"

"मुद्दाम नाही. पक्ष्यांसाठी ठेवलं होतं."

"सेक्रेटरीच्या बायकोबद्दल बोललो ते पन आलंय?"

"ते पण."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मावशी फडकं टाकून खाली बसली. "लाव. आयकव."

मी फोनवर लावलं. काकूंना स्वतःच्या आवाजाचंच नवल वाटलं. "आगं, मी अशी घोगरी बोलती? आन् कोन सांगत न्हाई मला." सेक्रेटरीच्या बायकोचा भाग त्यांनी दोनदा लावायला सांगितला. मग मी म्हटलं, हे मी पुसून टाकते, पण त्याच्या आधीचं ऐका. धुरक्याच्या रात्रीचा एक तुकडा लावला. आवाज वाढवला तरी बारीकच.

"काडी मोडल्यागत वाटतंय," काकू म्हणाल्या.

"धोबी आहे. निघाला होता, वर दिव्यापाशी अडकलाय. ह्या सगळ्या त्यांच्याच हाका."

मावशीने फोन कानाला लावला, फोनवर बोलतात तसा. बराच वेळ ऐकलं. मग वर मुकुटाकडे बघितलं, खाली चादरीवरच्या चिलटांकडे बघितलं आणि फोन मला परत दिला. "मंग आपन जाऊ चेअरमनकडं. आज."

"पन पाखरांचं ऱ्हाऊ दे," काकू म्हणाल्या. "कुरडईचं बोलू."

मी लगेच उसळले. माझी मागणी पक्ष्यांसाठी होती, लेखी होती, पक्ष्यांच्या जिवाचा प्रश्न तळणाच्या मागे लपवायचा हे मला पटणारं नव्हतं. असं बरंच काही बोलले. शिवाय पहाटे उठून घरादारासाठी राबायचं हे बायकांच्याच गळ्यात का, ह्यावर मी एक पत्रक काढलेलं आहे आणि आता त्याच कामाच्या आडून मी जिंकायचं, हेही मनात होतं. ते बोलले नाही.

मावशीने मला बोलू दिलं. "झाला? आता सांग. तुना दिवा बंद कराचा हाय का भाषन कराचा हाय?"

सकाळी सोसायटीच्या ऑफिसात आम्ही तिघी गेलो. काकूंनी टेबलावर परात ठेवली. परातीत वाळलेल्या कुरडया, पांढऱ्याशुभ्र, आणि त्यात जागोजाग काळे ठिपके.

काकांनी एक कुरडई उचलून चष्म्याजवळ धरली. "हे काळं काय आहे?"

"जिरं," काकू म्हणाल्या. "खाऊन बघा."

काकांनी आणखी जवळ धरली. मग त्यांना पाय दिसले असावेत. कुरडई हळूच परातीत गेली.

"गेल्या दिवाळीला तुम्ही डबा दिला होता," ते म्हणाले. "त्यातसुद्धा..."

"त्या बी ह्याच मुकुटाखाली वाळल्या हुत्या," काकू म्हणाल्या.

कमिटी त्याच आठवड्यात बसली. काकांनी स्वतः मसुदा केला, बँकेच्या भाषेत: 'वाळवणाच्या मोसमात स्वच्छतेच्या दृष्टीने गच्चीवरील सुशोभीकरणाचे दिवे, वाळवण संपेपर्यंत, रात्री बंद ठेवण्यात यावेत.' पक्षी हा शब्द त्यात नव्हता. मी म्हटलं, घाला. ते म्हणाले, तो विषय सभेने फेटाळलाय, कमिटीला उकरून काढता येत नाही. मी दातओठ खाल्ले आणि अनुमोदक म्हणून सही केली.

त्या रात्री मुकुट लागला नाही. गच्चीवर बादली ठेवायला गेले तेव्हा कठडासुद्धा नीट दिसत नव्हता, आणि खाडीवर इतकं आभाळ आहे हे मी विसरलेच होते.

हाका कमी झाल्या. धुरक्याच्या रात्रीसुद्धा रेघा विरळ, एक इथे, एक तिथे, आली आणि गेली. काका लिफ्टमध्ये भेटले. "काय गं, ओरडत नाहीत वाटतं हल्ली? म्हणजे ते मुकुट बघायलाच येत होते!"

"काका, लिफ्टमध्ये कोणी अडकलं नाही तर घंटा वाजत नाही. म्हणून लिफ्टने कोणी जात नाही का?"

ते हसले नाहीत, पण त्यांच्या मजल्यावर उतरताना थांबून म्हणाले, "हे पत्रकात लिहायला हवं होतंस." टाकीच्या पायाशी मी रोज बघत होते. काही पडलेलं नसायचं. एका उन्हाळ्यावरून काही सिद्ध होत नाही, असं दोस्त म्हणाला. म्हटलं, ठीक आहे, पुढच्या उन्हाळ्यातही बघीन.

मे निम्मा सरला आणि खरा पेच आला. काकूंच्या कुरडया, पापड, सांडगे सगळं डब्यांत गेलं आणि त्या गावाला निघून गेल्या. वाळवण संपलं. काकांनी मुकुट पुन्हा जोडायला इलेक्ट्रिशियनला फोन लावला.

पण माझी मागणी 'पाऊस येईपर्यंत' होती, ती उगाच नव्हती. उत्तरेला जाणारे गेले होते. आता दक्षिणेकडून नवरंग यायचा होता. हिरवा, निळा, पोटाखाली लाल, मुठीएवढा, आखूड शेपटीचा पक्षी. पावसाआधी रानात घरटं करायला येतो, आणि तोही रात्रीच. दर वर्षी ह्याच दिवसांत कोणाच्या तरी बाल्कनीत नाहीतर बाथरूमात थकलेला नवरंग सापडतो आणि लोक फोटो काढून 'किती क्यूट' म्हणून टाकतात. तो चुकलेला असतो, आपटलेला असतो. तो येईपर्यंत तरी मुकुट लागता कामा नये होता.

मी बटाटे आणले. आईने विचारलं, आज काय आंदोलन? मी म्हटलं, कीस करतेय. आयुष्यात पहिल्यांदा करत होते. किसून पाण्यात ठेवायचा असतो हे मला माहीत नव्हतं. गच्चीवर पसरला तो दुपारपर्यंत काळा पडला, संध्याकाळी लोखंडाच्या कातरणासारखा दिसायला लागला. तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशीही ठेवला. तिसऱ्या दिवशी काका वर आले, एक काडी उचलून वास घेतला.

"हे वाळवण नाही," ते म्हणाले. "हे आंदोलन आहे. इलेक्ट्रिशियन सोमवारी येतोय."

मावशी संध्याकाळी आली, तिनेही काडी उचलली. "ह्या काय गो? उंदराला घालाचा?"

मी तिला सगळं सांगितलं. नवरंगाचं, सोमवारचं. ती कठड्याला टेकून खाडीकडे बघत होती. "तुमचा वालवन संपला आसल," ती म्हणाली. "आमची आगोट अजून भराची हाय."

आगोट म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. मी इथेच वाढले. तिने सांगितलं, पाऊस लागला की होड्या बंद, बाजार बंद, म्हणून त्याआधी घरात सगळं भरून ठेवायचं. तांदूळ, मीठ, लाकडं, आणि मुख्य म्हणजे सुकी मासळी. जवळा, सोडे, बोंबील, सगळं उन्हात कडकडीत वाळवून. पावसाची पहिली झड येईपर्यंत हे चालतं.

"मग तुम्ही इथे गच्चीवर का नाही वाळवत?"

"पयल्या साली वालवला. कमिटी आली. मावशी, वास येतो, प्लीज. तवापासून भावाकडं गावठानान नेते."

कागदावर काही नव्हतं. कोणी तोंडी सांगितलं आणि ती, जिच्या शेतावर ही गच्ची उभी आहे, मासळीची टोपली घेऊन रिक्षाने गावठाणात जायला लागली. माझ्या डोक्यात पत्रक सुरू झालं, शीर्षकासकट.

"ह्यावर मी उद्याच पत्रक..."

"पत्रक नको. तो ठराव दाव."

फोनवर होता. मी मोठ्याने वाचला. 'वाळवण संपेपर्यंत' ह्या शब्दांवर तिने बोट उचललं.

"पुन्ना वाच. कुरडईचा वालवन लिवलंय?"

"नाही."

"पापडाचा?"

"नाही. नुसतं वाळवण."

"मंग," मावशी म्हणाली.

सोमवारी इलेक्ट्रिशियनला घेऊन काका वर आले तेव्हा अर्धी गच्ची गुलाबी झालेली होती. चटयांवर जवळा पसरलेला, नखाएवढ्या कोळंब्यांचा थर, वर मच्छरदाणीचं जाळं, कडेला दोरीवर बोंबील. मावशी प्लॅस्टिकच्या स्टुलावर काठी घेऊन बसलेली, कठड्यावर कावळ्यांची रांग. मी माझी बादली उचलून टाकीच्या पलीकडे नेली होती, तरी तिला वास लागलाच होता.

काकांनी नाकाला रुमाल लावला. "मावशी, हे... आपलं ठरलं होतं ना? वासाचं?"

"खाडीला बी वास येतो. बिल्डरनं तिलाच 'क्रीक व्ह्यू' म्हनून इकली."

"पण हे वाळवण आहे का?"

"वालत नाय तर काय न्हातंय?"

इलेक्ट्रिशियन हसला आणि हसल्यावर तोंड फिरवून मुकुटाकडे बघायला लागला. काका माझ्याकडे वळले. "तू शिकवलंस हे."

"नाही काका. मी तर बटाटे किसले."

त्यांनी खिशातून ठरावाची प्रत काढली. तो त्यांनीच लिहिला होता, मागेपुढे एकही पळवाट न ठेवता, आयुष्यभर लिहीत आले तसा. दोनदा वाचला. मग घडी घातली. "किती दिवस चालतं हे?"

"आगोट भरेपर्यंत," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"पाऊस येईपर्यंत," मी म्हटलं.

माझ्या पत्रकातली शेवटची ओळ तीच होती. त्यांना आठवली असावी. इलेक्ट्रिशियनला घेऊन ते खाली गेले. दोन दिवस ग्रुपवर वासाबद्दल मेसेज आले. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, ठरावाचा फोटो लावून. तिसऱ्या दिवशी कोणीतरी मावशीला विचारलं, जवळा विकणार का.

ह्या वर्षीच्या सभेला मी दोन विषय दिले आहेत. ठरावात पक्ष्यांचं नाव घाला. आणि गच्चीवर मासळी वाळवायला कोणी तोंडी मनाई करायची नाही, हिंमत असेल तर लेखी करा. पत्रकही काढलंय. त्यात 'पाहुणे' हा शब्द कुठेही नाही.

आणि पुरावाही जोडला आहे. गेल्या मे महिन्याच्या अखेरीचं रेकॉर्डिंग, उजाडतानाचं. आधी कावळे, मग मावशीची काठी, मग तिचं "हाड, हाड!" आणि मग खालच्या झाडीतून एक शीळ, दोन सुरांची, स्वच्छ, पुन्हा एकदा. नवरंग. पोचला होता आणि धडपणे झाडावर बसून ओरडत होता.

"ही कोन गो शिटी मारते?" मावशीचा आवाज.

मग माझा, घाईघाईने, दबका. "थांबा मावशी, बोलू नका, बादली चालू आहे."

"चालू हाय तर चालू दे. मी माझे गच्चीवर बोलनार."